स्वतःचं एनजिंक्स मॉड्यूल: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर रुसतं

खर्डेघाशा | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, एका बंद पडलेल्या मासिकाचे जुने अंक लोकांना पुन्हा वाचता यावेत म्हणून फावल्या वेळात हमाली करतोय. १९९८ ते २००६ या काळातली एचटीएमएल पानं आहेत आणि सगळी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव ही नावं आठवत असतील. तो फॉन्ट मशीनवर असला तर मराठी, नसला तर रोमन अक्षरांचा काला. मालकांची अट एकच, मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

तेव्हा ठरवलं, पान वाचकाकडे जाता जाता रूपांतर करायचं. रूपांतराचा सी मधला कोड माझ्याकडे होताच, कमांड लाइनवर दोन वर्षं बिनतक्रार चालतोय. एनजिंक्स या वेब सर्व्हरसाठी स्वतःचं मॉड्यूल (जोडभाग) लिहून तोच त्याच्या बॉडी फिल्टरमध्ये, म्हणजे जाणाऱ्या पानाचा मजकूर ज्यातून जातो त्या टप्प्यात, बसवला. लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आणि एनजिंक्स १.२४.०. मागे एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट पानं देते, पुढे प्रॉक्सी पास, म्हणजे एनजिंक्स ती तिच्याकडून घेऊन वाचकाला देतो. झकास चाललं. मग सर्व्हरवर नेलं. तिथे उबंटू २२.०४, एनजिंक्स १.१८.०, आणि साडेसाती.

एक. कॉन्फिगमध्ये माझं डिरेक्टिव्ह (सूचनेची ओळ) 'जुनाफॉन्ट ऑन' लिहिलं की "डिरेक्टिव्ह इज ड्युप्लिकेट" अशी बोंब. अख्खा कॉन्फिग ग्रेप केला, ती ओळ एकदाच आहे. हे लॅपटॉपवरही व्हायचं, तिथे डिरेक्टिव्ह काढून टाकून कोडातच 'चालू' ठेवून मी वेळ मारून नेली होती.

दोन. लॅपटॉपवर बांधलेली (कम्पाइल केलेली) मॉड्यूलची एसओ फाइल सर्व्हरवर टाकली तर "व्हर्जन १०२४००० इन्स्टेड ऑफ १०१८०००". हे समजलं. म्हणून १.१८.० चा सोर्स आणून पुन्हा बांधलं. आता म्हणतो "इज नॉट बायनरी कम्पॅटिबल". व्हर्जन तंतोतंत तेच असताना?

तीन ही तक्रार नाही, कुतूहल आहे. सुरुवातीला अ‍ॅड-मॉड्यूल देऊन स्टॅटिक, म्हणजे एनजिंक्सच्या पोटातच, बांधलं होतं तेव्हा माझा फिल्टर कधी चाललाच नाही. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. डायनॅमिक, म्हणजे वेगळी एसओ फाइल, केल्यावर आपोआप सुरू झाला. चालतंय ना, म्हणून पुढे गेलो.

फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहितोय, मोठ्याने वाचलीत की कळतील. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस | शनिवार, रात्री ११:४१

मूळ फाइलींना हात न लावता शेजारच्या फोल्डरमध्ये रूपांतरित प्रत ठेवता येते. पाच ओळींची शेल स्क्रिप्ट. कोड कमांड लाइनवर चालतोच आहे म्हणता. डोंगर पोखरून उंदीर काढायची हौस असेल तर प्रश्न नाही.

खर्डेघाशा | रविवार, रात्री १२:०५

तिरकसराव, मुद्दा मान्य. पण अक्षरांच्या टेबलात अजून चुका सापडताहेत, दर चुकीला सगळी प्रत नव्याने काढायची आणि जुनी पुसायची हा उद्योग नको होता. आणि खरं सांगायचं तर हो, हौसच आहे.

बारामतीचा_बग | रविवार, सकाळी ८:३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोड न बघता सांगतो. तुमच्या क्रिएट_लोक_कॉन्फ मध्ये (लोकेशनचा कॉन्फिग ठेवायची जागा तयार करणारं फंक्शन) एनजीएक्स_पीकॅलॉक ने स्ट्रक्चर घेतलंय आणि तसंच परत केलंय. बरोबर?

पीकॅलॉक मेमरी देतो ती सगळी शून्य करून. फ्लॅगच्या डिरेक्टिव्हसाठी तुम्ही एनजिंक्सचं तयार फंक्शन लावलं असणार, एनजीएक्स_कॉन्फ_सेट_फ्लॅग_स्लॉट. ते लिहिण्याआधी बघतं की त्या जागी एनजीएक्स_कॉन्फ_अनसेट आहे का. अनसेट म्हणजे उणे एक. शून्य दिसलं की त्याला वाटतं कुणीतरी आधीच 'ऑफ' लिहून गेलंय, म्हणून ड्युप्लिकेट. क्रिएटमध्ये एक ओळ टाका, फ्लॅग बरोबर एनजीएक्स_कॉन्फ_अनसेट, आणि मर्जमध्ये (वरच्या ब्लॉकचं खाली आणणारं फंक्शन) एनजीएक्स_कॉन्फ_मर्ज_व्हॅल्यू. गंमत म्हणजे स्ट्रिंगवाल्या डिरेक्टिव्हला हे लागत नाही, तिथे डेटा पॉइंटर नल आहे का एवढंच बघतात. त्यामुळे ज्याचं पहिलं डिरेक्टिव्ह स्ट्रिंगचं असतं त्याला हा धडा दुसऱ्या डिरेक्टिव्हला मिळतो.

दुसरा प्रश्न. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक सही असते. ती '८,४,८,' अशी सुरू होते, म्हणजे पॉइंटर, सिग-अ‍ॅटॉमिक आणि टाइम यांचे बाइटमधले आकार, आणि पुढे शून्य-एकची लांब माळ. कॉन्फिगर करताना जे पर्याय दिले त्याप्रमाणे माळेतला एकेक आकडा बदलतो, कारण त्या पर्यायांनी रिक्वेस्ट-कनेक्शनच्या स्ट्रक्चरांची मांडणी बदलते. व्हर्जन जुळून सही जुळली नाही तर तुम्हाला दिसतोय तो एरर. खात्री करायची असेल तर स्ट्रिंग्स कमांडने सर्व्हरवरची एनजिंक्स बायनरी आणि तुमची एसओ, दोन्हींतून '८,४,८,' ग्रेप करा आणि माळा एकाखाली एक ठेवा.

उपाय सोपा आहे. सर्व्हरवर 'एनजिंक्स -व्ही' मारा, मोठा व्ही. उबंटूच्या पॅकेजमध्ये 'विथ-कम्पॅट' दिसेल. तुम्हीही तोच पर्याय देऊन बांधा. १.११.५ पासून आहे, यात बऱ्याचशा पर्यायांचा फरक सहीतून काढून टाकलाय. पण दोन्ही बाजूंना हवा, एकाच बाजूला देऊन भागत नाही.

तिसरं मला माहीत नाही.

पहिल्या_बाकावरचा | रविवार, सकाळी ९:१०

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, अनसेट वेगळा का लागतो? नाही लिहिलं तर ऑफ समजायचं, संपलं.

बारामतीचा_बग | रविवार, सकाळी ९:२२

मग सर्व्हर ब्लॉकमध्ये 'ऑन' आणि आतल्या लोकेशनमध्ये काहीच नाही, तेव्हा लोकेशनने काय करायचं? वडिलांचं घ्यायचं. आणि लोकेशनने स्वतःहून 'ऑफ' म्हटलं तर वडिलांचं नाही घ्यायचं. 'बोललाच नाही' आणि 'नाही म्हणाला' यातला फरक शून्याने दाखवता येत नाही.

खर्डेघाशा | रविवार, दुपारी ४:५०

बगराव, दंडवत. दोन्ही सुटलं. माळांमध्ये माझ्याकडे चार जागी फरक होता, कम्पॅटनंतर सारख्या झाल्या.

आनंद दहा मिनिटं टिकला. मॉड्यूल लोड होतंय, पण पहिलंच पान मागितलं की एरर लॉगमध्ये "वर्कर प्रोसेस एक्झिटेड ऑन सिग्नल ११". म्हणजे पानं देणारी प्रोसेस मेमरीच्या भलत्या जागी हात घालून मेली. लॅपटॉपवर हाच कोड, हीच पानं, महिनाभर चालतंय. सर्व्हरवर पायथॉन नाही, फाइली थेट डिस्कवरून जातात, एवढाच फरक. प्रिंट टाकून टाकून दमलो.

जुनाजाणता | रविवार, संध्याकाळी ६:१५

प्रिंट टाकणं सोडा, बॅकट्रेस काढा, म्हणजे मरताना कोणतं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी. कॉन्फिगमध्ये 'डीमन ऑफ' आणि 'मास्टर_प्रोसेस ऑफ' लिहिलं की एनजिंक्स एकाच प्रोसेसमध्ये समोर चालतो, जीडीबी या डीबगरखाली बसवणं सोपं जातं. हे फक्त तपासणीपुरतं. चालू सर्व्हरवर करायचं असेल तर वर्कर_आरलिमिट_कोअर आणि वर्किंग_डिरेक्टरी देऊन कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची प्रत) मिळवा. वर्किंग डिरेक्टरीत वर्करच्या युजरला लिहायची परवानगी हवी, नाहीतर कोअर पडणारच नाही आणि तुम्ही दुसऱ्याच गोष्टीवर डोकं फोडत बसाल. आणि उबंटूचं एनजिंक्स 'विथ-डीबग' सकट बांधलेलं असतं, तेव्हा एरर_लॉगला 'डीबग' पातळी दिलीत तर फिल्टरपर्यंतचा सगळा प्रवास फुकटात वाचायला मिळतो.

अवांतर: अपाचेच्या दिवसांत हे सुख नव्हतं असं नाही, 'एचटीटीपीडी -एक्स' होतं. सहीचा किस्साही तिथलाच जुना. २.४ वर चुकीचं मॉड्यूल लादलं की "एपीआय मॉड्यूल स्ट्रक्चर इज गार्बल्ड, एक्स्पेक्टेड सिग्नेचर ४१५०३२३४" असं काहीतरी यायचं. तो आकडा काय आहे हे मी किती दिवस शोधत होतो. शेवटी आस्की तक्ता उघडला. ४१ म्हणजे ए, ५० म्हणजे पी, मग ३२ आणि ३४ म्हणजे २ आणि ४. एपी२४. हेक्समध्ये स्वतःचं नाव सांगत होतं बिचारं.

खर्डेघाशा | रविवार, रात्री १०:०२

जाणते, बॅकट्रेस मिळाला. माझ्याच लूपमध्ये मरतोय, पहिलाच बाइट वाचताना. जीडीबीत बफर (मजकुराचा डबा) उघडून पाहिला: पॉस (मजकुराची सुरुवात) शून्य, लास्ट (शेवट) शून्य, इन_फाइल एक, फाइल_पॉस शून्य, फाइल_लास्ट ४१८७२. म्हणजे बफरमध्ये मजकूरच नाही?

कर्नलकाकू | सोमवार, पहाटे ५:४०

मजकूर नाही, मजकुराचा पत्ता आहे. डिस्कवरची फाइल असली की एनजिंक्स ती मेमरीत आणायच्या भानगडीत पडत नाही. "या फाइलीतले शून्यापासून ४१८७२ पर्यंतचे बाइट" एवढी चिठ्ठी फिल्टरांतून पुढे सरकवतो आणि शेवटी सेंडफाइल कर्नलला सांगतं, परस्पर सॉकेटवर ओत. लॅपटॉपवर पायथॉनकडून आलेला मजकूर सॉकेटवरून वाचलेला, म्हणून तो मेमरीत होता. कोड दोन्हीकडे चुकीचाच होता, लॅपटॉपवर त्याला कुणी पकडलं नाही.

हेडर फिल्टरमध्ये (पानाआधीची माहिती जाते तो टप्पा) आर चा, म्हणजे रिक्वेस्टच्या स्ट्रक्चरचा, फिल्टर_नीड_इन_मेमरी एक कर. 'मला मजकूर हातात हवा, चिठ्ठी नको' असं सांगणं आहे ते. ऐकणारा म्हणजे कॉपी फिल्टर. तो फाइल वाचून मेमरीतले बफर बनवतो.

पण थांब, एवढ्याने भागणार नाही असं मला वाटतंय, आणि तुझ्या तिसऱ्या कुतूहलाचं उत्तरही तिथेच आहे. मॉड्यूलच्या कॉन्फिग फाइलीत एनजीएक्स_मॉड्यूल_टाइप काय लिहिलंयस? 'एचटीटीपी' ना? हँडलरच्या उदाहरणावरून उचललेलं असणार.

फिल्टरांची साखळी उलटी विणली जाते. प्रत्येक फिल्टर सुरुवातीला एकदा उठतो, साखळीचं टोक स्वतःच्या 'नेक्स्ट'मध्ये जपून ठेवतो आणि टोकाला स्वतः बसतो. म्हणजे जो सगळ्यात शेवटी गुंफला गेला तो पान जाताना सगळ्यात आधी धावतो. आता स्टॅटिक बांधणीत 'एचटीटीपी' टाइपचं मॉड्यूल यादीत फिल्टरांच्या आधी लागतं. तू टोकाला बसलास, मग आले राइट फिल्टर आणि हेडर फिल्टर. ते साखळीचे मूळपुरुष, आपल्या आधी कुणी असेल ही शंकाच त्यांना येत नाही. ते 'नेक्स्ट' जपत नाहीत, टोक सरळ आपल्या नावावर करून घेतात. तुझं नाव सातबाऱ्यावरून गेलं. एरर कसला येणार?

डायनॅमिकमध्ये उलटं होतं. 'एचटीटीपी' टाइपचं डायनॅमिक मॉड्यूल यादीच्या शेपटाला लागतं, म्हणून धावताना सर्वांच्या पुढे, कॉपी फिल्टरच्याही आधी. तू कितीही ओरडलास की मजकूर मेमरीत हवा, तो मेमरीत आणणारा माणूस तुझ्यानंतर उभा आहे.

टाइप 'एचटीटीपी_ऑक्स_फिल्टर' कर. मग तू कॉपी फिल्टरच्या नंतर आणि जीझिपच्या (पान दाबून लहान करणारा फिल्टर) आधी येशील, जिथे तुझी जागा आहे.

बारामतीचा_बग | सोमवार, सकाळी ८:०५

सातबारा. काकू, हे आता मी ऑफिसात वापरणार.

खर्डेघाशा | सोमवार, रात्री ११:३०

काकू, तंतोतंत 'एचटीटीपी'च होतं. बदललं, फ्लॅग लावला, बांधलं, सर्व्हरवर कॉपी केलं, 'एनजिंक्स -टी' (कॉन्फिगची चाचणी) पास, रीलोड केलं.

तसाच सिग्नल ११, जागाही तीच. मुद्दाम लॉगमध्ये एक नवी ओळ टाकून पाहिली, ती उमटतच नाही. एकदा तर रीलोडही केला नव्हता, नुसती एसओ कॉपी केली आणि सगळे वर्कर पटापट मेले. मांत्रिक बघू का?

बारामतीचा_बग | मंगळवार, सकाळी ७:५०

मांत्रिक नको, 'सीपी' सोडा.

सीपी जुन्या फाइलीच्याच आयनोडवर (डिस्कवरची तीच नोंद) लिहितं, आधी लांबी शून्य करून. पण ती फाइल चालत्या वर्करांच्या मेमरीत मॅप झालेली आहे. त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. नवी फाइल त्याच डिस्कवर वेगळ्या नावाने ठेवून 'एमव्ही' करा, किंवा 'इन्स्टॉल' कमांड वापरा. जुन्या प्रोसेसकडे जुना आयनोड राहतो, कुणी मरत नाही.

रीलोडचं वेगळं. रीलोडमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते. ती पुन्हा डीएलओपन (एसओ उघडणारं फंक्शन) म्हणते, पण त्या नावाची लायब्ररी तिच्या पोटात आधीच उघडी आहे, म्हणून जुनीच परत हातात मिळते. आणि '-टी' ही वेगळी, कोरी प्रोसेस असते, ती नवी एसओ उघडते. म्हणजे परीक्षा नव्याची आणि नोकरी जुन्याची. मॉड्यूल बदललं की सरळ रीस्टार्ट. कनेक्शनं तोडायची नसतील तर मास्टरला यूएसआर२ सिग्नल देऊन बायनरी-अपग्रेडच्या वाटेने जा, त्यात नवी मास्टर प्रोसेस उभी राहते.

यात माझा एक अख्खा शनिवार गेलेला आहे.

खर्डेघाशा | मंगळवार, रात्री १०:४५

चाललं! मराठी दिसलं! १९९९ च्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका फोनवर वाचली.

पण पानं अर्धवट येताहेत. ज्या पानात मजकूर जास्त ते लवकर तुटतं, अगदी शब्दाच्या मध्ये. जीझिप चालू असलेल्या ब्राउझरला मात्र पूर्ण पान मिळतं, कमांड लाइनवरच्या कर्लने मागितलं की तुटकं.

पहिल्या_बाकावरचा | मंगळवार, रात्री ११:०४

मी सांगू? कंटेंट-लेंग्थ! जुन्या फॉन्टमध्ये एक अक्षर एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट. हेडर जुन्या लांबीचं गेलंय, ग्राहक तेवढंच मोजून घेतो आणि निघून जातो. जीझिप स्वतःच ते हेडर काढून टाकतं म्हणून तिथे दिसत नाही.

कर्नलकाकू | बुधवार, पहाटे ५:२५

शाब्बास. हेडर फिल्टरमध्ये एनजीएक्स_एचटीटीपी_क्लिअर_कंटेंट_लेंग्थ. सोबत अ‍ॅक्सेप्ट-रेंजेसही साफ कर, नाहीतर कुणी "बाइट ५००० पासून पुढचं दे" म्हणेल आणि ते ५००० कुठले हा वाद होईल. कॅरेक्टर सेटही यूटीएफ-८ लाव, जुन्या पानातल्या मेटा टॅगपेक्षा एचटीटीपी हेडरचं वजन जास्त.

आणि लास्ट-मॉडिफाइड. तू टेबलातली चूक दुरुस्त केलीस तरी डिस्कवरच्या फाइलीची तारीख १९९९ चीच. ज्याच्या ब्राउझरमध्ये चुकीचं पान साठलंय त्याला तुझा सर्व्हर ३०४, म्हणजे 'बदललं नाही, साठवलेलंच वापर', देत राहील. एनजिंक्सचा स्वतःचा सब_फिल्टर हे हेडर मुळातच काढून टाकतो, याच कारणासाठी. तूही काढ, इटॅगसुद्धा.

खर्डेघाशा | गुरुवार, रात्री ११:५५

लांबी, तारीख, सगळं केलं. आता दोन शिल्लक, आणि दोन्ही फक्त मोठ्या पानांवर.

पहिलं, एका दीर्घकथेचं पान बरोबर मूळ फाइलीतले ६४ के संपले की अडकून बसतं. चक्र फिरत राहतं आणि मिनिटाभराने कनेक्शन तुटतं.

दुसरं विचित्र आहे. मध्येच एखादी वेलांटी हरवते. आणि काल चक्क एका पानाच्या सुरुवातीला, शीर्षकाच्याही आधी, एक सुटी वेलांटी आली. त्या पानात तिथे वेलांटीचं काही कामच नाही.

तिरकस | शुक्रवार, सकाळी ९:१५

शेल स्क्रिप्टमध्ये वेलांट्या एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत उड्या मारत नाहीत. हलके घ्या. पण एक विचारतो, उरलेलं अक्षर पुढच्या तुकड्यासाठी कुठे ठेवताय? स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये तर नाही?

खर्डेघाशा | शुक्रवार, सकाळी ९:४०

...हो. पण वर्करमध्ये थ्रेड एकच असतो ना?

तिरकस | शुक्रवार, सकाळी ९:५८

थ्रेड एक, ग्राहक हजार. पहिल्याचं सॉकेट भरलं की वर्कर त्याला तसाच ठेवून दुसऱ्याचं पान पाठवायला लागतो. तुमची ताटातली वेलांटी तोवर शेजाऱ्याच्या पानात वाढून झाली. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचा कॉन्टेक्स्ट हवा, एनजीएक्स_एचटीटीपी_सेट_सीटीएक्स. मी मॉड्यूल लिहू नका म्हणालो होतो, लिहिता येत नाही असं म्हणालो नव्हतो.

कर्नलकाकू | शनिवार, पहाटे ६:१०

तिरकस, सकाळी सकाळी हसवलंत.

६४ के चं सांगते. आउटपुट_बफर्स न सांगता २ नग, प्रत्येकी ३२ के. कॉपी फिल्टर फाइलीतून एक भरून तुझ्याकडे देतो, मग दुसरा. तिसऱ्या खेपेला तो बघतो की आधीच्या दोघांपैकी कुणी रिकामा झाला का. रिकामा म्हणजे पॉस लास्टपर्यंत पोचलेला. तू वाचलंस, स्वतःच्या नव्या बफरात लिहिलंस, पण त्याचा पॉस पुढे सरकवला नाहीस. त्याच्या लेखी दोन्ही डबे अजून भरलेलेच. तो थांबतो, तूही थांबतोस, आणि ६० सेकंदांनी सेंड_टाइमआउट दोघांना घरी पाठवतो. रूपांतर झालं की पॉस बरोबर लास्ट, एक ओळ. स्वतःचे बफरही दर तुकड्याला पूलमधून (रिक्वेस्टच्या मेमरीच्या साठ्यातून) नवे घेऊ नकोस, रिक्वेस्ट संपेपर्यंत ते सुटत नाहीत. एनजीएक्स_चेन_गेट_फ्री_बफ ने जुने परत वापर.

वेलांटीचं मूळ मात्र खोल आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने, युनिकोडमध्ये उच्चारतात त्या क्रमाने. 'कि' मध्ये जुन्या फॉन्टात वेलांटी आधी आणि क नंतर. तुकडा वेलांटीवर संपला तर ती हातात धरून ठेवायची, हे तू केलंयस. पण रफाराचं काय? 'धर्म' जुन्या फॉन्टात ध, म आणि मग वरचा रफार असा येतो, युनिकोडमध्ये र् आधी आणि म नंतर. म्हणजे तुकडा 'म'वर संपला तर तो म पाठवता येत नाही, पुढच्या तुकड्याचा पहिला बाइट रफार निघू शकतो. शेवटचं पूर्ण अक्षर, जोडाक्षर असेल तर सगळं, काना-मात्रेसकट मागे ठेवायचं. आणि 'फॉन्ट फेस' चा टॅगही दोन तुकड्यांत चिरला जाऊ शकतो, तेव्हा 'मी टॅगच्या आत आहे का, कुठल्या फॉन्टात आहे' हेही कॉन्टेक्स्टमध्येच. लास्ट_बफ आला की धरून ठेवलेलं सगळं सोडायचं. उलट एखाद्या तुकड्यातलं सगळंच मागे राहिलं तर रिकामा बफर पुढे ढकलू नकोस, "झीरो साइझ बफ" चा अलर्ट येईल.

तपासायला मोठं पान शोधत बसू नकोस. आउटपुट_बफर्स २ नग १ के कर. प्रत्येक किलोबाइटला चिरा पडला की लपलेलं सगळं बाहेर येतं.

खर्डेघाशा | रविवार, रात्री ९:३०

काकू, १ के केल्यावर रूपांतर इतकं भीषण आलं की हसू आवरेना. दिवसभर बसून तीन गोष्टी दुरुस्त केल्या. अलर्टही आला होता, गेला.

एकच उरलंय. दोनतीनशे पानांमागे एकदा वर्कर मरतो, दर वेळी वेगळ्या जागी. एकदा लॉग लिहिताना, एकदा कनेक्शन बंद करताना. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावला, गप्प आहे.

जुनाजाणता | रविवार, रात्री १०:२०

आउटपुट बफर किती पट घेताय?

खर्डेघाशा | रविवार, रात्री १०:२६

तीन पट. एका बाइटचे तीन बाइट.

जुनाजाणता | रविवार, रात्री १०:४८

आणि 'क्ष'?

जुन्या फॉन्टात क्ष, ज्ञ, श्र हे एकेक ठसे असायचे, एक बाइट. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट. क्षत्रिय, क्षण, परीक्षा असलेला उतारा आला की तुम्ही बफरच्या बाहेर लिहिताय. सॅनिटायझर गप्प का, तर तुमची आताची चाचणी १ के ची. तीन पट म्हणजे ३ के, आणि मेमरीच्या एका पानापेक्षा लहान, म्हणजे साधारण चार के च्या आतली मागणी एनजिंक्स आपल्याच पूलमधून कापून देतो. सॅनिटायझरला अख्खा पूल म्हणजे एकच तुकडा दिसतो, आतल्या आत कुणी कुणाच्या हद्दीत शिरलं ते त्याला कळत नाही. 'एनजीएक्स_डीबग_पॅलॉक' एक असं डिफाइन करून एनजिंक्स आणि मॉड्यूल दोन्ही बांधा. मग प्रत्येक मागणी स्वतंत्र मॅलॉक होते आणि सॅनिटायझर नेमकी ओळ दाखवतो.

खर्डेघाशा | सोमवार, रात्री १२:३५

दाखवली. पहिल्याच मिनिटात. 'साक्षात्कार'.

आता नऊ पट घेत नाही, बफर भरत आला की पुढे पाठवून दुसरा घेतो. आउटपुट_बफर्स परत मूळच्या आकड्यावर. तासभर झाला, एकही वर्कर मेलेला नाही. आणि तिरकसरावांसाठी: शोधयंत्राला मजकूर लागतो म्हणून त्याच रूपांतराची एक प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये काढून ठेवली. पाच नाही, सात ओळी झाल्या.

तिरकस | सोमवार, सकाळी ९:०५

भावना पोचल्या.

पहिल्या_बाकावरचा | सोमवार, सकाळी ११:३०

दुवा उघडून पाहिला, मस्त! लोणच्याच्या लेखात 'कैर्या' असं दिसतंय पण. 'दर्या'ही. तिथे दऱ्या हव्यात ना, डोंगर-दऱ्या?

कर्नलकाकू | सोमवार, दुपारी १२:१०

हे मॉड्यूलचं नाही, टेबलाचं. जुन्या फॉन्टात त्या आडव्या र चा ठसा वेगळा आहे, तू तो र आणि हलन्ताला जोडलायस, म्हणून तो पुढच्या य वर रफार होऊन बसतो. त्याला युनिकोडमधला ०९३१ वरचा, खाली टिंब असलेला ऱ दे आणि मग हलन्त.

खर्डेघाशा | सोमवार, रात्री ८:४०

दिला. कैऱ्या आल्या. रीस्टार्ट केलं, रीलोड नाही.